गोल्फची पहिली काठी

नाशिकच्या माणसाला विचारा, "गोल्फ क्लब कुठं आहे हो?" तो तुम्हाला एका मैदानाकडे पाठवील. तिथे तुम्हाला क्रिकेटचे सामने दिसतील, सकाळी पाय मोकळे करायला आलेली मंडळी दिसतील. गोल्फ खेळणारा मात्र औषधालाही सापडायचा नाही. त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले आहे, पण जुने नाव लोकांच्या जिभेवरून जायला तयार नाही. आपल्याकडे गोल्फची ओळख बरीचशी अशीच आहे. नाव सर्वांना ठाऊक, खेळ थोड्यांना.

तरी हे थोडे वाढत चालले आहेत. मुंबईत चेंबूरला १९२७ पासून गोल्फ खेळला जातो, पुण्यात येरवड्याचे मैदानही जुनेच. पूर्वी हा खेळ साहेबाचा, मग लष्करी अधिकाऱ्यांचा आणि कारखानदारांचा समजला जाई. आता सरावाच्या मैदानांवर बादलीच्या हिशेबाने चेंडू मिळतात, तासाच्या बोलीने शिक्षक मिळतो, आणि एखादा शाळामास्तर किंवा बँकेतला कारकूनही रविवारी सकाळी तिथे हात आजमावून पाहतो. अशा माणसाला पहिल्याच महिन्यात एक प्रश्न पडतो: सामान कोणते घ्यावे? प्रश्न साधा दिसतो, पण त्यात घरातला पैसा गुंतलेला असतो, आणि पुष्कळदा त्या माणसाचा उत्साहही. म्हणून त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे.

आधी एका शब्दाचा निकाल लावून टाकू. ज्याने चेंडू मारायचा त्याला इंग्रजीत 'क्लब' म्हणतात आणि जिथे जाऊन खेळायचे त्या संस्थेलाही 'क्लब'च म्हणतात. घोटाळा नको, म्हणून मी सरळ 'काठी' असे म्हणणार आहे. खेळणारी मंडळी रागावणार नाहीत, तीही आपसांत 'स्टिक' म्हणतातच.

पहिला सल्ला: इतक्यात घेऊ नका

तुम्ही म्हणाल, हा सल्ला काय झाला! पण माझी स्वतःची गोष्ट ऐका. निवृत्त झालो, डॉक्टरांनी चालायला सांगितले, आणि एका मित्राने मला गोल्फच्या मैदानावर नेले. दुसऱ्याच आठवड्यात मी एका दुकानात गेलो. विक्रेता मोठा बोलका होता. त्याने आरशासारख्या लखलखीत, पात्यासारख्या पातळ लोखंडी काठ्या दाखवल्या. "मोठमोठे खेळाडू याच वापरतात, साहेब," म्हणाला. मी चौदाच्या चौदा घेतल्या. पुढचे सहा महिने चेंडू एक तर जमिनीवरून सरपटत जाई, नाही तर उजवीकडच्या झुडपात शिरे. डावे कोपर दुखू लागले ते वेगळेच. मला वाटले, आपले वय झाले, हे आपल्याला जमायचे नाही. अखेर एक दिवस मैदानावरच्या जुन्या कॅडीने माझी काठी हातात घेतली, जरा तोलून पाहिली, आणि म्हणाला, "साहेब, काठी लई भारी हाय. पण तुमची न्हाय." त्याने कुणाची तरी एक जुनी, जाड पाठीची, हलकी काठी माझ्या हाती दिली. मी काही त्या क्षणी पट्टीचा खेळाडू झालो नाही, पण दहांपैकी पाच चेंडू हवेत गेले. घरी आल्यावर मी हिशेब मांडला: त्या संचाच्या पैशांत एक साधा, जुना संच येऊन वर वर्षभर शिक्षकाची फी निघाली असती.

हे सांगायचे कारण असे की नवशिक्या माणूस चुकीच्या सामानाचा दोष स्वतःच्या माथी घेतो. क्रिकेटमध्ये बॅट जड असली तर हाताला लगेच कळते. गोल्फमध्ये ते कळायला मुळात आपला हात बसलेला असावा लागतो, आणि तो तर अजून बसलेला नसतो! म्हणून पहिले सहा-आठ धडे शिक्षकाच्या किंवा भाड्याच्या काठीने घ्या. तीही एकच घ्या, सात नंबरची. स्पेनचा सेव्हे बालेस्तेरोस हा जगातल्या थोर गोल्फपटूंपैकी एक. लहानपणी पेड्रेन्या गावच्या वाळूच्या किनाऱ्यावर तो तीन नंबरच्या एकाच काठीने तासन्‌तास खेळत असे. एका काठीने पुष्कळ शिकता येते. चौदा काठ्यांनी मात्र आरंभी गोंधळच वाढतो.

काठीचे नंबर म्हणजे काय

प्रत्येक काठीला डोके, दांडा आणि मूठ असे तीन भाग असतात. डोक्याची जी बाजू चेंडूवर आदळते ते तिचे तोंड. हे तोंड उभे नसते, मागे कललेले असते, आणि सारी करामत या कलात आहे. कल जितका जास्त, तितका चेंडू उंच चढतो आणि जवळ पडतो. कल कमी असला की चेंडू खालून जातो आणि लांब जातो. लोखंडी काठ्यांचे नंबर या कलाप्रमाणे वाढतात: पाच नंबरचा कल कमी, नऊ नंबरचा जास्त. त्याच्याही पुढे 'वेज' नावाच्या काठ्या, ४५ ते ६० अंशांच्या. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढायची 'सँड वेज' साधारण ५४ ते ५६ अंशांची असते. सर्वांत लांब मारण्याची काठी म्हणजे 'ड्रायव्हर'. तिचा कल नऊ ते बारा अंशांचा. आणि हिरवळीवर चेंडू घरंगळत भोकात नेण्याची ती 'पटर', तिला तीन-चार अंश पुरतात.

इथे नवशिक्याने एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. चेंडू वर उचलायचे काम काठी करते, आपण करायचे नसते. आपण विहिरीतून पाणी उपसावे तसा चेंडू उपसायला जातो, म्हणून तर तो सरपटतो. कललेले तोंड चेंडूवर आदळले की चेंडू वर उडतो आणि उलटा गिरक्या घेऊ लागतो. या उलट्या गिरकीमुळे हवा त्याला उचलून धरते. म्हणून जास्त कलाची काठी ही नवशिक्याची मैत्रीण आहे. कमी कलाच्या काठीने जरा चूक झाली की चेंडू बाजूला फार वळतो. तीच चूक जास्त कलाच्या काठीने झाली तर त्या मानाने कमी वळतो. ड्रायव्हर घ्यायचाच झाला तर नऊ अंशांचा घेऊ नका, साडेदहा ते बाराचा घ्या. पाहणाऱ्यावर छाप पडणार नाही, पण चेंडू सापडेल.

आणखी एक मेख आहे. नंबर सारखा म्हणून कल सारखा असतोच असे नाही. पूर्वी सात नंबरचा कल ३५ अंशांच्या वर असे. आता कित्येक संचांत तो ३० अंशांच्या आसपास आला आहे. म्हणजे जुन्या हिशेबाने ती सहाची किंवा पाचची काठी झाली. तेव्हा "आमची सात नंबरची काठी दहा यार्ड लांब जाते" असे कुणी म्हणाले तर हुरळून जाऊ नका. नंबर विचारू नका, अंश विचारा.

चौदा कशाला, सात पुरेत

नियमाप्रमाणे खेळताना पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. पूर्वी असे बंधन नव्हते, काही जण वीस-पंचवीस काठ्यांचे ओझे कॅडीच्या खांद्यावर टाकीत. अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली चौदाची मर्यादा आली. ती किती कडक असते पाहा. २००१ सालच्या ब्रिटिश ओपन स्पर्धेचा शेवटचा दिवस. वेल्सचा इयन वूस्नम आघाडीवर बरोबरीत होता, पहिल्या भोकाला त्याने सुरेख खेळ केला होता. दुसऱ्या भोकासाठी उभा राहतो तोच कॅडीच्या ध्यानात आले की पिशवीत दोन ड्रायव्हर आहेत, म्हणजे एकूण पंधरा काठ्या! दोन फटक्यांचा दंड झाला. अखेर वूस्नम तिसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत राहिला.

पण हे चौदा म्हणजे वरची मर्यादा आहे, खालची नाही. आपल्याला चौदा हव्यात असे नियम कुठेच म्हणत नाही. कारण साधे आहे. एका नंबरच्या काठीत आणि पुढच्या नंबरच्या काठीत अंतराचा फरक दहा-पंधरा यार्डांचा. चांगल्या खेळाडूला तो उपयोगी पडतो. नवशिक्याचा एकाच काठीचा एक चेंडू शंभर यार्ड जातो आणि दुसरा चाळीस. त्याला मधल्या नंबरांचे काय सुखदुःख!

म्हणून अर्धा संच घ्यावा ही जुनी रीत आजही शहाणपणाची आहे. माझ्या मते सात काठ्या अशा असाव्यात: एक पाच नंबरची 'वूड', एक 'हायब्रिड', मग सात नंबर, नऊ नंबर, एक पिचिंग वेज, एक सँड वेज, आणि पटर. 'वूड' म्हणजे लाकूड, पण ते नाव आता नावापुरतेच. पूर्वी तिचे डोके खरोखर लाकडाचे असे, आता धातूचे असते. 'हायब्रिड' म्हणजे वूड आणि लोखंडी काठी यांचा संकर. तीन-चार नंबरच्या लोखंडी काठ्या मारायला फार अवघड, त्यांच्या जागी ही आली आणि सामान्य खेळाडूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. ड्रायव्हर या यादीत नाही हे तुमच्या लक्षात आले असेल. तो सहा महिन्यांनी घ्या. दिवाळीला घ्या, वाढदिवसाला घ्या, पण आरंभी नको.

जाड पाठीची काठी आणि कावड

आता माझ्या त्या लखलखीत काठ्यांचे काय चुकले होते ते सांगतो. लोखंडी काठ्यांची डोकी ढोबळ मानाने दोन प्रकारची असतात. एक पात्यासारखी, सपाट पाठीची. तिचे बहुतेक वजन मध्यभागी असते. दुसरीची पाठ पोखरलेली असते, आणि पोखरून काढलेले वजन कडेकडेने वाटलेले असते.

यात फरक काय पडतो? कावड आठवा. खांद्यावर आडवी काठी, दोन टोकांना दोन भरलेले हंडे. अशी कावड घेतलेल्या माणसाला एकदम वळायला सांगा. कावड लवकर वळत नाही, कारण वजन टोकांना आहे. तेच दोन हंडे छातीशी धरून तो चटकन गिरकी घेईल. काठीच्या डोक्याचेही तसेच. चेंडू बरोबर मध्यावर लागला तर दोन्ही काठ्या सारख्याच चांगल्या. पण चेंडू टोकाशी किंवा टाचेशी लागला तर मध्यभागी वजन असलेले डोके हातात वळते, तोंड वाकडे होते, चेंडू भलतीकडे जातो आणि हाताला झिणझिण्या येतात. कडेला वजन असलेले डोके कावडीसारखे आपली दिशा धरून राहते. नवशिक्याचे दहांतले आठ चेंडू मध्याच्या बाहेरच लागतात. तेव्हा त्याने पोखरलेल्या पाठीची, रुंद तळाची काठी घ्यावी. रुंद तळ जमिनीत रुतत नाही, घसरत पुढे जातो, हा आणखी एक फायदा.

दांडा: आपल्या हाताचा

विटीदांडू खेळताना आपण काय करीत होतो? दांडू आपल्या हाताच्या मापाचा करून घेत होतो. मोठ्या भावाचा दांडू घेतला की विटी उडायची नाही. गोल्फचा दांडा निवडताना ही बालपणची अक्कल जागी ठेवावी.

पूर्वी दांडे हिकरी नावाच्या लाकडाचे असत. १९२९ साली ब्रिटनमधल्या नियमकर्त्यांनी पोलादी दांड्यांना मान्यता दिली. आता पोलादी आणि ग्रॅफाइटचे असे दोन प्रकार चालतात. पोलादी दांडा साधारण ९५ ते १३० ग्रॅम वजनाचा, ग्रॅफाइटचा ५० ते ७० ग्रॅमचा. पन्नाशी उलटलेल्यांनी, मनगट-कोपर दुखणाऱ्यांनी आणि सडपातळ अंगाच्या माणसांनी ग्रॅफाइट घ्यावा. तो हलका असतो आणि फटक्याचा हादराही कमी पोचवतो. तरुण, धट्ट्याकट्ट्या माणसाला पोलाद चालेल, आणि ते स्वस्तही पडते.

दांडा किती लवतो यालाही महत्त्व आहे. जोराने काठी फिरवणाऱ्याला ताठ दांडा लागतो, सावकाश फिरवणाऱ्याला लवचीक. ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी ८५ मैलांच्या आत असेल तर ताठ दांडा आपल्या कामाचा नाही, आणि बहुतेक नवशिक्यांचा वेग याच्या आतच असतो. दांड्यावर इंग्रजी अक्षरे असतात. 'आर' म्हणजे नेहमीचा, 'एस' म्हणजे ताठ, 'ए' म्हणजे प्रौढांसाठी, 'एल' म्हणजे बायकांसाठी. पण या अक्षरांना ठरलेले माप नाही. एका कंपनीचा 'आर' दुसऱ्या कंपनीच्या 'एस'इतका ताठ निघू शकतो. म्हणून अक्षर वाचून घेऊ नका, मारून पाहून घ्या. आणि 'एल' अक्षराला पुरुषांनी लाजू नये. चेंडूला ते वाचता येत नाही.

लांबीचे माप घरच्या घरी घेता येते. बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. ते ३४ इंचांच्या आसपास असेल तर दुकानातली प्रमाण लांबी बहुधा चालते. बरेच कमी-जास्त असेल तर शिक्षकाला विचारा. नुसत्या उंचीवर जाऊ नका. उंच माणसाचे हातही लांब असले तर त्याला लांब काठी लागत नाही.

दांडा डोक्याला कोणत्या कोनात बसवला आहे हेही पाहावे. काठीच्या तळाला फळ्यावर लिहायच्या पेनाने एक रेघ ओढा आणि प्लास्टिकच्या कडक पाटावर चार चेंडू मारा. रेघ मधोमध पुसली गेली तर ठीक. टाचेकडे पुसली गेली तर टोक वर राहते आहे. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू मग डावीकडे जाईल. टोकाकडे पुसली गेली तर चेंडू उजवीकडे जाईल. पुष्कळांचा हा दोष हातात नसून काठीत असतो, आणि माहितगार कारागीर तो कोन थोडासा वाकवून देतो.

मुठीविषयी एकच कसोटी. डाव्या हाताने मूठ धरा. मधले बोट आणि करंगळीशेजारचे बोट अंगठ्याच्या मुळाच्या उंचवट्याला अलगद टेकले पाहिजे. रुतले तर मूठ बारीक, पोचलेच नाही तर जाड. मूठ बदलायला फार खर्च येत नाही. तेवढ्यासाठी चांगली काठी नाकारू नका.

पटर: जिच्याकडे कुणी पाहत नाही

दुकानात गेलेला माणूस ड्रायव्हरपाशी अर्धा तास घालवतो आणि पटर दोन मिनिटांत घेतो. हिशेब मात्र उलटा आहे. अठरा भोकांच्या मैदानाचे प्रमाण फटके बहुधा ७२ धरतात. त्यात हिरवळीवरचे दर भोकाला दोन, म्हणजे ३६ फटके एकट्या पटरचे! ड्रायव्हर सबंध खेळात फार तर चौदा वेळा हातात येतो. तेव्हा पटर निवडायला वेळ द्या. चेंडूवर वाकून उभे राहा. डोळे सरळ चेंडूच्या वर किंवा किंचित आत आले पाहिजेत. ती लांब वाटली, हात अवघडले, तर आखूड बघा. मग सहा फुटांवरून वीस चेंडू मारा. जी काठी जास्त चेंडू सरळ नेते ती तुमची, तिचे नाव आणि किंमत काही का असेना.

चेंडू हरवण्यासाठीच असतात

चेंडूचा इतिहास मोठा गमतीचा आहे. एके काळी चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून तो बनवीत. १८४८ च्या सुमारास मलायातल्या एका झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, गुळगुळीत चेंडू होऊ लागले. लोकांच्या लक्षात आले की नवा चेंडू नीट उडत नाही. काठीचे घाव खाऊन खडबडीत झालेला जुनाच जास्त लांब जातो. त्यातूनच पुढे चेंडूवर मुद्दाम खाचा पाडू लागले आणि शेवटी आजच्या खळग्या आल्या. या खळग्यांमुळे हवेचा मागे ओढणारा जोर कमी होतो आणि चेंडू लांब जातो.

नियम असा की चेंडू ४५.९३ ग्रॅमहून जड नसावा आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा. या मर्यादेत दोन जाती बाजारात मिळतात. एक महाग, मऊ युरेथेनच्या सालीची, हिरवळीवर पडल्यावर चटकन थांबणारी. दुसरी स्वस्त, चिवट सालीची, दोनच थरांची. नवशिक्याने दुसरी घ्यावी. ती लांब जाते, कमी गिरक्या घेते म्हणून कमी वळते, आणि काठीची धार लागली तरी टरकत नाही. त्यातूनही वापरलेले चेंडू मिळत असतील तर तेच घ्या. नियमाप्रमाणे हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत, २०१९ पासून तीनच मिळतात. आरंभीच्या दिवसांत एका फेरीत सहा चेंडू गेले तर ते साहजिकच समजावे.

जुने घेताना

जुन्या काठीत कमीपणा नाही. नवा संच दुकानातून बाहेर पडला की त्याची किंमत उतरते, त्याचा फायदा तुम्हाला का मिळू नये? पण चार गोष्टी पाहून घ्या. दांडा डोळ्यासमोर धरून शेवटपर्यंत सरळ आहे ना ते पाहा. पोलादी असेल तर गंज, ग्रॅफाइट असेल तर बारीक चीर, विशेषतः डोक्याजवळ. डोके धरून मूठ हळूच पिळा. करकर आवाज आला तर सांधा सैल झाला आहे. वेजच्या तोंडावरच्या खाचांवरून नख फिरवा; नख अडकले नाही तर खाचा झिजल्या. आणि नामांकित कंपनीचा संच फारच स्वस्त मिळत असेल तर तो नकली असण्याचा संभव धरा. माहितगाराला दाखवल्याखेरीज पैसे मोजू नका.

मुलांसाठी वडिलांची जुनी काठी कापून देण्याची चाल आहे, ती मात्र बरी नव्हे. दांडा कापला की तो अधिक ताठ होतो आणि डोके होते तेवढेच जड राहते. मूल अंगाचा जोर लावून ती कशीबशी ओढते, आणि वाकडी लकब कायमची बसते. मुलांच्या हलक्या काठ्या वेगळ्या मिळतात, त्यांतल्या तीन पुरतात. मूल वाढेल तशी काठी बदलावी लागते, म्हणून त्याही जुन्या घ्या आणि पुढे दुसऱ्या मुलाला द्या.

बायकांसाठी म्हणून ठेवलेला संच रंग पाहून घेऊ नये. दणकट, उंच मुलीला पुरुषांचा हलका दांडाच बरा पडेल. डावखुऱ्यांनी डावखुरीच काठी मागावी. ती शोधायला वेळ लागतो, तेव्हा दुकानदार "उजव्या हाताने शिका" म्हणतो. शिकता येते हे खरे, पण निर्णय तुमच्या सोयीने व्हावा, त्याच्या दुकानातल्या मालाच्या सोयीने नव्हे.

आपल्या हवेत

कंपन्यांची सूचनापत्रके परदेशच्या हवेसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडचा पावसाळा आणि वैशाख त्यांना ठाऊक नसतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत वेजला आठवडाभरात गंज धरतो. खेळून आल्यावर काठ्या कोरड्या फडक्याने पुसा आणि डोक्यावरची झाकणे ओली असताना चढवू नका. मुठी महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. घामाने त्या गुळगुळीत होतात, मग आपण त्या आवळून धरतो आणि फटका बिघडतो. हातमोजा उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हातात घालायचा. तो चामड्याचा असेल तर सावलीत वाळवा, उन्हात त्याचा पापड होतो. एप्रिल-मे महिन्यांत पिशवी मोटारीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने डोके जोडणारा डिंक मऊ पडतो. बुटांचे म्हणाल तर रबरी उंचवट्यांचे साधे बूट आरंभी चालतात. लोखंडी खिळ्यांचे बूट घेऊ नका, बहुतेक मैदानांवर त्यांना बंदी असते.

आता एक शेवटची गोष्ट. चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्तीत कॅडींची मुले राहतात. मैदानावर खेळण्याची त्यांना मुभा नव्हती, काठ्या विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी बांधकामाच्या लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, प्लास्टिकचे चेंडू घेतले, आणि गल्लीबोळांत, घरांच्या दारांपुढे खेळ मांडला. आणि दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, १९९३ साली पुन्हा जिंकली. त्याच्याआधी ही स्पर्धा जिंकणारा भारतीय एकच होता, १९६५ सालचा हौशी खेळाडू पी. जी. सेठी.

यावरून सामानाचे काहीच महत्त्व नाही असे मात्र समजू नका. सळई वाकवणाऱ्या पोराने ती स्वतःच्या हाताच्या मापाने वाकवली होती, हे विसरू नये. मी चौदा काठ्या घेतल्या त्या दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या होत्या.

तेव्हा या रविवारी दुकानात न जाता सरावाच्या मैदानावर जा. सात नंबरची काठी भाड्याने मागा, एक बादली चेंडू घ्या, आणि शिक्षकाला म्हणावे, "आधी जरा बघा, मग सांगा." पाकीट घरी ठेवले तरी चालेल, बादलीपुरते सुटे पैसे तेवढे खिशात असू द्या.